प्राण्यांवर पीएचडी करतेय, गाईड म्हणतात हा राज्यशास्त्राचा विषयच नाही

यावेळचं पत्र मराठवाड्यातल्या एका रिसर्च स्टुडंटचं आहे. नाव देत नाही, आणि पत्र बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच सांगते. राज्यशास्त्रात पीएचडी, विषय 'राजकीय विचारातील प्राणी', तिसरं वर्ष चालू. प्लेटोपासून फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदापर्यंत नोट्सच्या वह्या भरल्यात पण एकही चॅप्टर लिहून झालेला नाही. मधेच गाईड बदलले आणि नवे सर म्हणतात हा विषय तत्त्वज्ञान विभागाचा आहे, अजून वेळ गेलेली नाही, पंचायत राजवर काहीतरी घे. घरची शेती आहे, दोन वर्षांपूर्वी वडिलांनी बैलजोडी विकली. शेवटी ती लिहिते, "आमच्याकडे शेतकरी फास घेतात आणि मी प्राण्यांवर थिसिस लिहीत बसलेय, याची आता लाज वाटते मॅडम. विषय बदलू का?"

नको गं बदलूस. शीर्षक बदल, आवाका निम्म्याहून कमी कर, पण विषय सोडू नकोस. का ते सविस्तर सांगते, कारण हेच तुला आरएसीपुढे, म्हणजे विभागाच्या संशोधन सल्लागार समितीपुढे, सांगायचंय.

आधी गाईडच्या आक्षेपाचं बघू. 'हा राज्यशास्त्राचा विषय नाही' असं कुणी म्हटलं की आपण लगेच चिडतो किंवा गप्प बसतो, दोन्ही नको, कारण त्या आक्षेपात तथ्य आहे. प्राण्यांबद्दलचं जे लिखाण आपल्याकडे जास्त वाचलं जातं, म्हणजे पीटर सिंगरचं 1975 चं पुस्तक, टॉम रीगनचं 1983 चं, ते नीतिशास्त्राचंच आहे. प्राण्याला वेदना होतात का, त्याला मारणं योग्य का, मी काय खावं. तुझ्या वह्यांत यावरच जास्त भर असेल (पत्रावरून तसं वाटतंय) तर सरांना तो विषय तत्त्वज्ञानाचा वाटणारच. राज्यशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे. सत्ता कुणाची, कायदा कुणाला लागू, करार कुणाशी होऊ शकतो, प्रतिनिधित्व कुणाचं, आणि या सगळ्यातून बाहेर कुणाला ठेवलंय आणि कुठल्या कारणाने. या प्रश्नांत प्राणी पहिल्या दिवसापासून आहे.

अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'चं पहिलंच पुस्तक काढ. माणूस राजकीय प्राणी आहे हे आपण एफवायला पाठ करतो आणि पुढे जातो, पण तिथे तो तुलना करतोय. मधमाशीपेक्षा आणि कळपात राहणाऱ्या इतर कुठल्याही प्राण्यापेक्षा माणूस जास्त राजकीय आहे असं त्याचं म्हणणं, आणि कारण काय तर आवाज सगळ्यांना आहे, दुखलं-खुपलं-बरं वाटलं हे आवाजाने सांगता येतं, पण न्याय काय अन्याय काय हे सांगायला वाणी लागते आणि ती फक्त माणसाला. आणि हाच माणूस प्राण्यांच्या अभ्यासावरच्या दुसऱ्या ग्रंथात मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी आणि क्रौंच यांना माणसाबरोबर राजकीय प्राण्यांच्या यादीत बसवतो. म्हणजे त्याची रेघ त्याच्याच हातात हलतेय! पुढे हॉब्ज 1651 च्या 'लेव्हायथन'मध्ये सतराव्या प्रकरणात याच मुंग्या-मधमाश्यांना उत्तर देत बसतो, की त्यांना दंडसत्तेशिवाय एकत्र राहता येतं मग माणसांना का नाही, आणि त्याची एकामागून एक कारणं देतो. त्याआधी चौदाव्या प्रकरणात एका ओळीत सांगून टाकलेलं असतं की पशूंशी करार होऊ शकत नाही, कारण त्यांना आपली भाषा कळत नाही. हॉब्जकडे न्याय करारातून येतो, म्हणजे करार नाही तर न्यायही नाही. सामाजिक करार शिकवताना ही ओळ आपण वगळतो, पण त्या कराराची कुंपणं तिथेच घातली गेलीत. हा विषय राज्यशास्त्राच्या बाहेरचा कसा?

आणि सरांना एक नाव नक्की सांग, कॅनडाचा राजकीय विचारवंत विल किमलिका. बहुसांस्कृतिकवाद शिकवताना ज्याच्याशिवाय चालत नाही तोच. त्याने आणि सू डोनाल्डसनने 2011 मध्ये 'झूपोलिस' लिहिलं आणि नागरिकत्वाचा सिद्धांत प्राण्यांना लावला. पाळीव प्राणी आपल्या समाजाचे सहनागरिक, जंगली प्राण्यांचे समूह आपापल्या प्रदेशात सार्वभौम, आणि ना पाळीव ना जंगली असे जे शहरात आपल्या आसपास राहतात त्यांना निवासाचा हक्क पण पूर्ण नागरिकत्व नाही. पटो ना पटो, ही भाषा नागरिकत्व, सार्वभौमत्व, निवास अशी निव्वळ राज्यशास्त्राची आहे, आणि सरांना ती परकी वाटणार नाही.

आता तुझ्याकडे वळते, कारण चॅप्टर न होण्याचं कारण मला सर वाटत नाहीत. तू अनुक्रमणिका जोडलीयेस ती वाचली. प्लेटो आणि प्राणी, अ‍ॅरिस्टॉटल आणि प्राणी, मॅकियाव्हेली, लॉक, रूसो, बेंथम, गांधी, देरिदा, प्रत्येकाला एक प्रकरण. ही यादी आहे, थिसिस नाही. यादीत 'अमुक प्राण्यांबद्दल काय म्हणाला' एवढंच लिहिता येतं आणि ते लिहिताना तुलाच कंटाळा येत असणार, कारण त्यात तुझं म्हणणं कुठे नाहीये. व्हायवाला एक्झामिनर पहिला प्रश्न विचारतो तो असा, की या सगळ्यातून तुम्ही काय सिद्ध केलंत. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं पाहिजे आणि अनुक्रमणिका त्या दोन वाक्यांतून निघाली पाहिजे.

म्हणून एक काम कर. सगळ्या नोट्स घे आणि प्रत्येक उताऱ्यासमोर लिही की इथला प्राणी दृष्टांतातला आहे की हाडामांसाचा. मॅकियाव्हेलीच्या 'द प्रिन्स'मधल्या अठराव्या प्रकरणातले सिंह आणि कोल्हा दृष्टांतातले, तिथे विषय राजाचा आहे, कोल्ह्याचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बेंथमची ती प्रसिद्ध तळटीप, 1789 ची, प्रश्न विचार करता येतो का किंवा बोलता येतं का हा नाही, वेदना होतात का हा आहे, तिथला घोडा आणि कुत्रा खरे. लॉकचं गंमतशीर आहे (गंमत म्हणजे अभ्यास करावा असं), 'सेकंड ट्रीटिज'मध्ये दुसऱ्यावर हल्ला करणाऱ्या माणसाला वाघ-सिंहासारखं मारायला हरकत नाही असं तो म्हणतो, म्हणजे दृष्टांतातला वाघ आणून खऱ्या माणसाला कायद्याबाहेर काढतो. ही वर्गवारी करताना जे उतारे धड इकडे बसणार नाहीत धड तिकडे, ते बाजूला ठेव. तुझा थिसिस त्या उताऱ्यांत आहे.

माझं मत विचारशील तर पश्चिमेचं एक प्रकरण पुरे, अ‍ॅरिस्टॉटल ते हॉब्ज, आणि बाकी सगळी ताकद आपल्याकडच्या ग्रंथांवर लाव. तुला संस्कृत बऱ्यापैकी येतं असं तू लिहिलंयस, मग हे सोन्यासारखं साहित्य सोडून देरिदाच्या परिभाषेशी झटत का बसायचं?

कौटिल्याचं 'अर्थशास्त्र'च घे. 'मत्स्यन्याय' सगळ्यांना माहिती, दंड म्हणजे शिक्षा करणारी सत्ता नसेल तर मोठा मासा छोट्याला गिळतो. दृष्टांतातला मासा. पण त्याच ग्रंथाचं दुसरं अधिकरण उघड, तिथे गोध्यक्ष, अश्वाध्यक्ष, हस्त्यध्यक्ष असे अख्खे अधिकारी आहेत, कत्तलखान्यावर सूनाध्यक्ष आहे, आणि हत्तींसाठी राखीव जंगल आहे. त्या नागवनात हत्ती मारणाऱ्याला मृत्युदंड. आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पण बक्षीस. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा, पिल्लू किंवा गाभण हत्तीण पकडू नये. वाचताना क्षणभर वाटतं किती ही करुणा, आणि मग कारण येतं, राजांचा विजय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो. करुणेचा एक शब्द नाही तिथे, सगळा हिशोब. माणसाचा जीव घेऊन हत्तीचा जीव राखणारं राज्य, आणि तेही हत्तीला लढाईत झोकता यावं म्हणून.

आता याच्या शेजारी अशोकाचा पाचवा स्तंभलेख ठेव. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावरचा. त्यात न मारायच्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे, पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर असं करत, आणि पुढे ठराविक दिवशी नागवनात आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यात कुठलाही जीव मारू नये अशी आज्ञा आहे. नागवन! तोच शब्द, तशीच सरकारी राखीव जागा, पण इथे कारण धम्म. पहिल्या शिलालेखात तर तो स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशोब देतो, की पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही, पुढे तेही बंद. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय सांगतो. एकाच तऱ्हेची राज्ययंत्रणा प्राण्याला दोन वेगळ्या भाषांत राखते आणि दोन्हीकडे राखायचं की मारायचं हे ठरवतो राजाच. हे झालं तुझं मुख्य प्रकरण. फक्त एक सांभाळ, अर्थशास्त्राच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठा वाद आहे, तेव्हा 'कौटिल्याने असं केलं आणि मग अशोकाने ते बदललं' असं चुकूनही लिहू नकोस, एक्झामिनर तिथेच धरेल. दोन ग्रंथांची तुलना म्हणून लिही, काळाचा क्रम म्हणून नको. संहितेसाठी मुंबई विद्यापीठाने काढलेली कांगल्यांची चिकित्सक आवृत्ती घे, इंटरनेटवरच्या अनुवादांवर विसंबू नकोस.

दुसरं प्रकरण मला महाभारताच्या शांतिपर्वातलं दिसतं. तुझ्या यादीत ते नाहीच, याचं आश्चर्य वाटलं. त्यातल्या आपद्धर्मात, म्हणजे संकटकाळी कसं वागावं या भागात, भीष्म युधिष्ठिराला मांजर आणि उंदराची गोष्ट सांगतो. वडाच्या झाडाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर, फांद्यांवर लोमश नावाचं मांजर. परिघ नावाचा चांडाळ रोज जाळं लावतो आणि एका रात्री मांजर त्यात अडकतं. उंदीर खुशीत बाहेर येतो आणि बघतो तर जमिनीवर मुंगूस टपलंय आणि झाडावर घुबड. मग तो जाळ्यातल्या मांजराशीच तह करतो, की मला तुझ्या कुशीत येऊ दे, ते दोघं गेले की मी तुझे पाश कुरतडतो. ठरल्याप्रमाणे होतं, पण उंदीर पाश सावकाश कुरतडतो, मांजर घाई करतं तरी हा शेवटचा धागा ठेवून देतो, आणि पहाटे परिघ कुत्री घेऊन येताना दिसला की मग तोडतो. मांजर झाडावर, उंदीर बिळात. नंतर मांजर गोड बोलून बोलावतं, आता आपण मित्र झालो ये ना, आणि उंदीर म्हणतो की मैत्री आणि वैर कामापुरतं असतं, आता तुझं माझ्याकडे एकच काम उरलंय.

हे हॉब्जच्या चौदाव्या प्रकरणाशेजारी ठेवून वाच. हॉब्ज म्हणतो पशूंशी करार नाही, आणि इथे करार करणारे पशूच आहेत. हॉब्जला करार पाळायला लावायला तलवार लागते, वर सार्वभौम बसवावा लागतो. इथे वर कुणी नाही, उंदराने फक्त वेळ अशी साधली की करार मोडायला मांजराला सवडच मिळू नये. सार्वभौमाशिवाय करार कसा टिकतो याचं हे फार बारीक उत्तर आहे आणि हॉब्जच्या आधी कित्येक शतकं दिलेलं आहे. पण तिथेच थांबू नकोस. या गोष्टीत एकच माणूस आहे, तो चांडाळ आहे, आणि त्याला भीषण, कुत्र्यांच्या घोळक्यात चालणारा, यमदूतासारखा रंगवलाय. बोलतात, विचार करतात, नीती सांगतात ते प्राणी, आणि माणूस मात्र पशूसारखा. हे जातीचं राजकारण आहे आणि ते नजरेआड करून हा थिसिस भारतात लिहिता येणार नाही.

हा मुद्दा मला फार जवळचा आहे म्हणून जरा जास्त लिहिते. पाश्चात्य पुस्तकांत 'माणूस विरुद्ध प्राणी' अशी सरळ मांडणी असते, जणू माणूस कोण हे ठरलेलंच आहे. आपल्याकडे ते कधी ठरलेलं नव्हतं. चवदार तळ्यावर कुत्री-मांजरं, गुरंढोरं पाणी प्यायची, अस्पृश्य माणसाला ते शिवायची बंदी होती, आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडला गेले ते त्यासाठी. 1931 मध्ये मणिभवनात गांधींना भेटले तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवतात त्या भूमीला मी माझी मायभूमी कशी म्हणू. तू जेव्हा 'प्राण्यांना राजकीय समुदायात घ्या' असं लिहिशील तेव्हा हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येणारच, आणि त्याला तळटीपेत नाही, प्रकरणात उत्तर द्यावं लागेल. तुझ्याच भागातली पैठणची आख्यायिका आठव. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांनी शुद्धिपत्र मागितलं आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. वाणी कुणाला असते आणि ती कोण नाकारतं हा अ‍ॅरिस्टॉटलचाच प्रश्न, लोकांनी सातशे वर्षं सांभाळलेला. तो रेडा तिसऱ्या प्रकरणात यायला हवा.

गाईबद्दल सावध राहा. गांधींचं गोरक्षण, सावरकरांचं 'गोपालन हवे, गोपूजन नव्हे', आंबेडकरांचं 1948 चं अस्पृश्यांवरचं पुस्तक आणि त्यातली गोमांसाची मांडणी, घटनेचं 48 वं कलम, हे एवढं मोठं आहे की शिरलीस तर थिसिस गाईचाच होईल. एक तर पूर्ण थिसिस गाईवर कर, नाहीतर आंबेडकरांच्या प्रकरणात जेवढी येईल तेवढीच घे. 1832 ची मुंबईतली कुत्र्यांची दंगल तशीच, कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली म्हणून पारशी लोक रस्त्यावर आले आणि दोन वर्षांनी पांजरापोळ उभी राहिली, फार सुंदर विषय आहे पण तो पेपर म्हणून नंतर लिही.

आता तुझ्या लाजेबद्दल. ती मला खरी वाटली आणि तिला पटकन काहीतरी बोलून उडवून लावावंसं वाटत नाही. शेतकरी मरतोय आणि मी बैलावर लिहितेय असं तू म्हणतेस, पण तुझ्या वडिलांच्या दावणीला ती दोन आयुष्यं एकत्रच बांधलेली होती ना? गोहत्येवर महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने बंदी होतीच, 2015 च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. थकलेला बैल विकायचा कुठे, सांभाळायचा तर वैरण कुठली, हा प्रश्न कायद्याने शेतकऱ्याच्या अंगणात आणून ठेवला आणि तिथे बैल आणि बैलवाला दोघांचं काय होतं हे विचारणारं राज्यशास्त्र फारसं कुणी लिहिलेलं नाही. त्याच बैलाबद्दल सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये नागराजा खटल्यात जगण्याच्या हक्काची भाषा वापरली, जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे दुरुस्ती कायदे उचलून धरले, शर्यती कायदेशीर ठरल्या. एकाच जनावराला एक कायदा मारू देत नाही, दुसरा शर्यतीत पळवू देतो, आणि बाजारात त्याला घ्यायला कुणी नाही. किमलिका म्हणतो पाळीव प्राणी सहनागरिक. मग दावणीचा बैल कोण? हे शेवटचं प्रकरण तू लिहू शकतेस, आणि ते टोरांटो-ऑक्सफर्डमध्ये बसून लिहिता येणारं नाही. वडिलांना विचार त्यांनी बैल विकायचा निर्णय कसा घेतला, नीट बसून, वही घेऊन विचार. त्यांचं बोलणं थिसिसमध्ये घ्यायचं असेल तर आधी त्यांची परवानगी आणि विभागाची एथिक्सची प्रक्रिया, दोन्ही रीतसर कर.

लिहायचं कसं तेही विचारलंयस. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. सुरुवात नागवनापासून कर, कारण तिथे मूळ मजकूर छोटा आहे, दोनच ग्रंथ आहेत आणि तुझं म्हणणं स्पष्ट आहे. रोज सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दोन तास लिखाण, वाचन दुपारनंतर, आणि लिहिताना नवीन पीडीएफ उघडायची नाही, शंका आली तर कंसात लिहून पुढे जायचं. उतारे नोट्समध्ये उतरवताना अवतरण चिन्हं आणि पान क्रमांक तेव्हाच टाक, वर्षभराने कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पुस्तकातलं हे आठवत नाही आणि 10 टक्क्यांच्या वर सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) गेली की उगाच डोक्याला ताप. शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयाच्या आसपासचे थिसिस आधी चाळून घे, रिसर्च गॅप लिहायला तेच लागतील. आणि वेळेची एवढी धास्ती घेऊ नकोस, यूजीसीच्या 2022 च्या नियमांत मुदत सहा वर्षांची आहे आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. हां, फेलोशिपचं वेगळं, ती किती दिवस पुरेल त्यावरच घरचं गणित मांड.

सरांशी भांडू नकोस. ते विषयाला घाबरलेत असं मला वाटतं, कारण ज्या विषयात आपलं वाचन नाही त्यावर सही करायला कुणालाही धाकधूक वाटते. त्यांना चाळीस पानं देऊ नकोस, एकच पान दे. वर नवीन शीर्षक, 'राज्य आणि प्राणी: भारतीय राजकीय विचारातील रक्षण, करार आणि बहिष्कार' असं काहीतरी, खाली संशोधनाचा एक प्रश्न, पाच प्रकरणांची नावं आणि प्रत्येकाचा एकेक मूळ ग्रंथ. संस्कृत किंवा पाली विभागातलं कुणी को-गाईड म्हणून चालेल का हे त्यांनाच विचार, त्यांच्यावरचा भार कमी होईल आणि तुला शिलालेख वाचून दाखवणारं माणूस मिळेल. शीर्षक बदलायची विद्यापीठाची प्रक्रिया पीएचडी सेक्शनला जाऊन आत्ताच समजून घे, किती बदल चालतो आणि कुठल्या टप्प्यापर्यंत, आणि पुढच्या आरएसीत जे ठरेल ते मिनिट्समध्ये लिहून घेऊन त्याची सही-शिक्क्याची कॉपी स्वतःजवळ ठेव, म्हणजे पुन्हा गाईड बदलले तरी विषयावर पहिल्यापासून वाद घालावा लागणार नाही.